पत्र्याच्या पेटीतलं लिव्हरपूल

रमजानच्या आधी आमच्या बिल्डिंगमध्ये साफसफाईची लाट येते. तळोजा फेज वनमधले फ्लॅट लहान, माणसं जास्त. त्यामुळे वर्षभर माळ्यावर कोंबलेलं सामान एकदाच खाली येतं आणि खाली भंगारवाल्याची गाडी उभीच असते. यंदा शेजारच्या भाभींनी हाक मारली. "टीचर, जरा उर्दू वाचून सांगा. हे कागद कामाचे आहेत का? नाहीतर देऊन टाकते."

त्यांचे सासरे, ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणायचो, मागच्या वर्षी अल्लाहला प्यारे झाले. ही पत्र्याची पेटी त्यांच्या वडिलांची. ते म्हसळ्याच्या बाजूच्या गावातले, जहाजावर खलाशी. पेटी गावाहून डोंगरीला आली, डोंगरीची चाळ रिकामी झाली तेव्हा तळोज्याला आली. आत जुनी रेशन कार्डं, दवाखान्याचे कागद, जहाजाच्या नोकरीची पुस्तिका (तिला जुनी माणसं 'नली' म्हणत) आणि पोस्टकार्डाएवढा एक फोटो.

फोटोत माणसं जवळजवळ नव्हतीच. एक भव्य इमारत, समोर सहा उंच खांब, रुंद पायऱ्या. खाली बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेलं होतं की हे लिव्हरपूलचं मोफत वाचनालय आणि वस्तुसंग्रहालय आहे. मागे पेन्सिलीनं चार ओळी. लिपी उर्दू, पण भाषा आपली कोकणी. त्यांचा अर्थ असा: इथं आत जायला पैसे पडत नाहीत. आत मिसरची ममी आहे. मी दोनदा जाऊन पाहिली. सन 1938.

भाभी म्हणाल्या, "कुठलं तरी ऑफिस वाटतं." मी म्हटलं, "भाभी, हा फोटो भंगारात देऊ नका. ही इमारत या फोटोनंतर तीन वर्षांत जळली."

त्या फोटोमुळे मला जे सांगावंसं वाटलं ते आज लिहिते आहे. विषय लिव्हरपूलचा वाटेल, पण तो आपल्या माळ्यावरच्या पेट्यांचा आहे.

ती इमारत

लिव्हरपूलचं ते संग्रहालय 1860 साली उघडलं. पैसा दिला विल्यम ब्राऊन नावाच्या व्यापाऱ्यानं. त्याच्या पेढीची कमाई मोठ्या प्रमाणात अमेरिकेतल्या कापसावर झाली होती, आणि तो कापूस गुलामांच्या घामावर पिकत होता. हे सांगायला हवं, कारण विलायतेतल्या सुंदर इमारतींकडे पाहताना आपण एकतर भारावून जातो, नाहीतर तोंड फिरवतो. दोन्ही करू नये. इमारत कोणाच्या पैशानं उभी राहिली ते पाहावं आणि मग तिच्या आतही जावं. चाचांच्या वडिलांनी तेच केलं. पायऱ्या चढून ते सरळ आत गेले.

त्यांच्यासारखे हजारो लोक त्या काळात कोकणातून बोटीवर जात. सारंग, टंडेल, कसाब, खलाशी ही सगळी पदं आपल्या घरांतल्या जुन्या बोलण्यात अजून आहेत. इंग्रज त्यांना 'लास्कर' म्हणत. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी हिंदी खलाशाला गोऱ्या खलाशाच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढा पगार मिळे, म्हणून 1939 मध्ये युद्ध सुरू होताच त्यांनी विलायतेतल्या बंदरांत संप केले. मुंबईहून निघणारी कितीतरी जहाजं लिव्हरपूल आणि मर्सी नदीच्या पलीकडच्या बर्कनहेडला लागत. बंदरात बोट उभी असताना खिशात फारसे पैसे नसलेला माणूस जाणार कुठं? जिथं फुकट सोडतात तिथं. याच लिव्हरपूलमध्ये अब्दुल्ला क्विलियम या नवमुस्लिम वकिलानं 1889 मध्ये एका घरात मशीद सुरू केली होती आणि परदेशात मरण आलेल्या खलाशांचे जनाजे तिथल्या मंडळींनी उचलले होते. म्हणजे ते शहर आपल्याला वाटतं तितकं परकं नव्हतं.

मे 1941 च्या पहिल्या आठवड्यात जर्मन विमानांनी लिव्हरपूलवर ओळीनं सात रात्री बॉम्ब टाकले. मर्सीच्या दोन्ही काठांवर मिळून सुमारे 1700 माणसं मेली. 3 मेच्या रात्री आगीचे बॉम्ब पडून संग्रहालय आतून जळालं. बऱ्याच मौल्यवान वस्तू आधीच दुसरीकडे हलवल्या होत्या, त्या वाचल्या. ज्या हलवता आल्या नाहीत, त्यांची राख झाली. दर्शनी भिंत आणि ते खांब उभे राहिले, आतलं संग्रहालय गेलं. ते पुन्हा सुरू व्हायला बरीच वर्षं गेली. आज तिथं जाणाऱ्याला तेच खांब दिसतात, पण चाचांच्या वडिलांनी पाहिलेली दालनं दिसत नाहीत.

बर्कनहेडहून आलेलं जहाज

आग तिथंच थांबली असती तर ही गोष्ट विलायतेची राहिली असती. 24 फेब्रुवारी 1944 रोजी त्याच नदीच्या पलीकडून, बर्कनहेडहून, 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज निघालं. पोटात सुमारे 1400 टन स्फोटकं आणि दारूगोळा, शिवाय सोन्याच्या विटा. वाटेत कराचीला त्यात कापसाच्या हजारो गाठी भरल्या. 12 एप्रिलला ते मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकला लागलं. 14 एप्रिलला दुपारी कापसानं पेट घेतला. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासानं दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर त्याची नोंद झाली. आजूबाजूची जहाजं बुडाली, मशीद बंदर आणि मांडवीकडची गोदामं आणि वस्त्या पेटल्या. मृतांचे आकडे 700 पासून 1300 पर्यंत सांगितले जातात. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले, आणि म्हणूनच दरवर्षी 14 एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळला जातो. आपल्या शाळेत त्या दिवशी आंबेडकर जयंती असते, म्हणून मुलांना ही दुसरी आठवण सांगायची राहून जाते.

आवाज 80 किलोमीटरपर्यंत गेला म्हणतात. पनवेल तर खाडीपलीकडेच. तळोज्यातल्या जुन्या लोकांकडून मी लहानपणी "ज्या दिवशी आभाळ फाटलं" असं ऐकलं होतं, पण ते नेमकं काय होतं हे मला बीएड झाल्यानंतर एका पुस्तकात वाचून कळलं. कारण त्या दिवसाचे फोटो आपल्या घरांत नव्हते. युद्धाचा काळ, सरकारनं बातमीच दाबून ठेवली. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगॉन रेडिओनं ती आधी सांगितली आणि इंग्रज सरकारनं मे महिन्यात तोंड उघडलं. ज्यांची घरं गेली त्यांच्यात आपली माणसं पुष्कळ होती. गोदीत हमाल, गोदामात मुनीम, बोटीवर खलाशी. त्यांच्या पेट्या त्या आगीत गेल्या. कोणाची नली, कोणाचा निकाहनामा, कोणाचा एकुलता एक फोटो. त्या नुकसानाची यादी कोणी केली नाही.

दुसऱ्या महायुद्धात हिंदी व्यापारी जहाजांवरचे सहा हजारांच्या आसपास खलाशी मेले. त्यांना कबर नाही, समुद्र हीच कबर. मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये युद्धांत मेलेल्या खलाशांचं स्मारक आहे. तळोज्याहून सीएसएमटीला जाणारे आपण रोज मशीद स्टेशनवरून जातो. किती जणांनी ते पाहिलंय? मीही पन्नाशीकडे झुकल्यावर पहिल्यांदा पाहिलं.

1857 सालची फेकाफेक

आता आपल्या मुंबईचं संग्रहालय पाहू. भायखळ्याला राणीच्या बागेत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. आमच्या आजीच्या पिढीला ते अजायबघर. मी दरवर्षी आठवीच्या मुलांना तिथं नेते. मुलं हिरवे खांब आणि सोनेरी नक्षी पाहून थक्क होतात. मी त्यांना बाहेरच्या दगडी हत्तीजवळ थांबवते. हा हत्ती घारापुरीचा, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यातला. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा प्रयत्न केला तेव्हा उचलताना तुटला, म्हणून इथं राहिला. पुढं तुकडे जोडून उभा केला. मुलांना हे फार आवडतं. तुटला म्हणून वाचला.

पण त्याहून जुनी एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. या संग्रहालयाची पहिली जमवाजमव 1850 च्या दशकात झाली आणि ती फोर्टमधल्या लष्करी बराकीत मांडली होती. 1857 चं बंड उसळलं, सरकारला सैनिकांसाठी बराक हवी झाली, आणि त्या वस्तू घाईघाईनं बाहेर काढण्यात आल्या. हलवाहलवीत पुष्कळ मोडलं, पुष्कळ हरवलं. इथं एकही बॉम्ब पडला नाही. युद्धानं फक्त जागा मागितली आणि एक संग्रह विस्कटला. नंतर जगन्नाथ शंकरशेट, डेव्हिड ससून, डॉ. भाऊ दाजी अशा मंडळींनी पैसा उभा केला. हिंदू, यहुदी, पारशी, सगळे त्यात होते. 1862 मध्ये पायाभरणी झाली आणि 2 मे 1872 रोजी आजची इमारत लोकांसाठी खुली झाली. नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. 1975 मध्ये भाऊ दाजींचं नाव मिळालं. पुढं इमारतीची दशा झाली, मग काही वर्षं दुरुस्ती चालली आणि 2008 मध्ये ती पुन्हा उघडली. त्या दुरुस्तीला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला.

मला यात एक गोष्ट बोचते. फोटोग्राफी तेव्हा मुंबईत आलेली होती. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी 1854 ची. भाऊ दाजी तिचे सभासद, त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी तर स्वतः नावाजलेले छायाचित्रकार. कॅमेरा होता, जाणती माणसं होती. तरी बराकीतलं ते पहिलं संग्रहालय आज आपल्या डोळ्यांसमोर उभं राहत नाही. लिव्हरपूलची दालनं जळाली, पण त्यांचं रूप फोटोंत उरलं, इतकं की म्हसळ्याच्या एका खलाशाच्या पेटीपर्यंत पोचलं. फरक इथंच आहे. वस्तू दोन्हीकडे गेल्या, पण आठवण एकीकडेच राहिली.

माझा गुन्हा

इथपर्यंत मी इंग्रजांना, जर्मनांना, सरकारला बोलले. आता स्वतःबद्दल.

मी वीस वर्षांची असताना एका बयानाला गेले होते. तिथं सांगितलं गेलं की ज्या घरात तस्वीर असते त्या घरात रहमतचे फरिश्ते येत नाहीत. मी घरी आले. दादीच्या लाकडी खोक्यात पंधरा-वीस फोटो होते. दादा फौजी कोटात, दादीच्या दोन बहिणी नऊवारीत (होय, आमच्या घरातल्या बाया नऊवारी नेसत), गावची जुनी मशीद, तिची कौलं, पुढचा हौद. मी ते सगळे मागच्या अंगणात जाळले. दादी ओट्यावर बसली होती. ती काही बोलली नाही. तिला वाटलं शिकलेली पोरगी आहे, तिला दीन जास्त कळतो.

दादी गेली. दोन वर्षांनी ती मशीदही पाडून नवी, मोठी, टाइल्सची बांधली. त्यात वाईट काही नाही, गाव वाढलं, जागा कमी पडत होती. पण आज माझ्या मुलीनं विचारलं की आपली जुनी मशीद कशी होती, तर मी हातवारे करून सांगते. आणि तुम्ही इथं कधीपासून, तुमच्या बाया कोणतं कापड नेसत, तुम्ही मराठी कधी शिकलात, असं कोणी कुत्सितपणे विचारलं, तर त्याच्यापुढं ठेवायला जो पुरावा होता तो मीच काडी लावून संपवला. तळोज्यावर कोणी बॉम्ब टाकला नव्हता.

मी आलिमा नाही, फतवा देण्याचा माझा अधिकार नाही. पण एवढं शिकल्यावर कळलं की या मसल्यात एकच मत नाही. मिसरचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी शंभर वर्षांपूर्वीच लिहिलं होतं की कॅमेरा नवं काही घडवत नाही, तो फक्त पडलेली सावली थांबवतो, म्हणून तो जायज आहे. आपल्याकडचे अनेक उलेमा हे मान्य करत नाहीत आणि गरजेपुरतीच परवानगी देतात. ज्यांचं तसं मत आहे त्यांचा मी आदर करते. पण त्यांच्याही मते इमारतीच्या, झाडाच्या, दगडाच्या, म्हणजे निर्जीव गोष्टींच्या चित्राला हरकत नाही. मग मी मशिदीचा फोटो का जाळला? कारण मी विचारलंच नाही. अर्धवट ऐकलं आणि काडी ओढली. आणि गरजेचं म्हणाल, तर हजला जायला पासपोर्ट लागतो, पासपोर्टला फोटो लागतो. आपली ओळख शाबीत करणं ही आज आपल्या प्रत्येक घराची गरज आहे. जुन्या कागदाचा एक तुकडा सापडेना म्हणून रात्र-रात्र न झोपलेली माणसं या फेज वनमध्येच मी पाहिली आहेत.

उलट आपला दीन तर नोंदीचा दीन आहे. कुरआनातली सगळ्यात मोठी आयत देण्या-घेण्याचा करार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, हे सांगणारी आहे. हदीस घ्यायची तर कोणी कोणाकडून ऐकली ती साखळी आधी पाहिली जाते. सनद नसेल तर गोष्ट कितीही गोड असो, बाजूला ठेवली जाते. नाव, गाव, साल नसलेला फोटो म्हणजे सनद नसलेली रिवायत. चाचांच्या वडिलांनी पेन्सिलीनं चार ओळी लिहिल्या नसत्या, तर तो फोटो "कुठलं तरी ऑफिस" म्हणून गाडीवर गेला असता.

प्रत असेल तर जीव असेल

1992 मध्ये सारायेव्होत ओरिएंटल इन्स्टिट्यूटवर तोफगोळे पडले आणि अरबी, फारसी, तुर्की, बोस्नियन भाषांतली हजारो हस्तलिखितं एका दिवसात जळाली. काही महिन्यांनी तिथलं राष्ट्रीय ग्रंथालयही जाळलं गेलं. त्यानंतर अभ्यासकांनी एक मोहीम काढली. पूर्वी जे परदेशी संशोधक तिथं येऊन गेले होते, त्यांच्या कपाटांत त्या हस्तलिखितांच्या झेरॉक्स आणि मायक्रोफिल्म होत्या. त्या शोधून परत गोळा करायच्या. सगळं परत आलं नाही, पण जे आलं ते केवळ प्रत दुसऱ्या गावी होती म्हणून. हजरत उस्मान यांनी कुरआनाच्या प्रती करून वेगवेगळ्या शहरांत पाठवल्या, त्यामागचं शहाणपण वेगळं काय होतं?

बॉम्बच लागतो असंही नाही. मक्केत हरमशेजारच्या टेकडीवर तुर्कांच्या काळातला अजयाद किल्ला होता. 2002 मध्ये तो पाडला आणि तिथं घड्याळाच्या मनोऱ्याची हॉटेलं उभी राहिली. आज उमऱ्याला जाणारे तो मनोरा पाहतात. किल्ला फोटोत पाहावा लागतो. बॉम्ब, बुलडोझर आणि माझी काडीपेटी, परिणाम एकच.

मला माहीत आहे, काही वाचक म्हणतील, गाझात माणसं मेली, मुलं मेली आणि तुम्ही फोटोंचं काय घेऊन बसलात. प्रश्न रास्त आहे. जीव आधी, वस्तू नंतर, यात वादच नाही. पण गाझाचीच गोष्ट पाहा. तिथली मोठी उमरी मशीद 1917 मध्ये इंग्रजांच्या तोफांनी ढासळली होती, 1920 च्या दशकात ती पुन्हा बांधली. डिसेंबर 2023 मध्ये ती पुन्हा उद्ध्वस्त झाली. उद्या ती तिसऱ्यांदा उभी करायची तर कमान कुठं होती, मिनार कसा होता, हे कशावरून ठरवणार? फोटोंवरून. घर पाडणाऱ्याला घराचा फोटो का खुपतो हे ध्यानात घ्या. इथं कोणी राहत होतं, हे तो सांगतो.

दुसरा आक्षेप असा की फोनमध्ये सगळं आहे, छापील फोटो कशाला. फोन पाण्यात पडतो, चोरीला जातो, पासवर्ड विसरतो. माझ्या वर्गातल्या मुलांना त्यांच्या तीन वर्षांपूर्वीच्या वाढदिवसाचे फोटो सापडत नाहीत. तो कागद 1938 पासून पत्र्याच्या पेटीत, तीन घरं बदलून, टिकला. फोन नको असं मी म्हणत नाही. दोन्ही हवेत.

मग करायचं काय

फार मोठं काही नाही. मी माझ्या आठवीच्या वर्गाला यंदा एकच घरचा अभ्यास दिला: घरातला सगळ्यात जुना फोटो शोधा, घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाला विचारा आणि मराठीत किंवा उर्दूत दहा ओळी लिहा. 42 मुलांपैकी 19 जणांच्या घरी फोटो निघाला. बाकीच्यांच्या घरी पूर, दंगल, चाळ पडणं, किंवा माझ्यासारखी एखादी शहाणी पोरगी, यांतलं काही ना काही होतं. पण दहा ओळी सगळ्यांनी लिहिल्या. फोटो नसेल तर आठवण लिहा, असं मी सांगितलं होतं.

घरी काय करता येईल तेही सांगते. फोटो लॅमिनेट करू नका, गरमीनं खराब होतो आणि परत सुटत नाही. चिकटपट्टी लावू नका. चिकट पानांचा अल्बम नको, साध्या कागदाच्या पाकिटात ठेवा. मागे मऊ पेन्सिलीनं, न दाबता, नाव, गाव, साल लिहा. बॉलपेनची शाई पुढच्या बाजूला उमटते. स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर ठेवू नका, वाफ लागते. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून मोबाइलवर फोटो काढा आणि तो निदान दोन वेगळ्या घरांत राहणाऱ्या नातेवाइकांना पाठवा. गावच्या जमातीनं एक रजिस्टर ठेवलं, जुन्या मशिदीचा, मदरशाचा, विहिरीचा, दर्ग्याचा एकेक फोटो लावला, तर खर्च किती येईल? एका जलशाच्या मंडपाएवढाही नाही.

आणि संग्रहालयात जा. मुलांना न्या. भायखळा तळोज्याहून दूर नाही. तिथं आपलं काय आहे, असं विचारत बाहेर उभं राहू नका. तो म्हसळ्याचा खलाशी, ज्याला जहाजावर चौथा हिस्सा पगार होता, तो हा प्रश्न न विचारता परक्या मुलखात सहा खांबांच्या मधून आत गेला, दोनदा गेला, आणि काय पाहिलं ते लिहून ठेवलं.

भाभींच्या पेटीचं सांगायचं राहिलं. रद्दीतले दवाखान्याचे कागद गेले. नली, रेशन कार्डं आणि तो फोटो राहिला. मी फोटोच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढले आणि त्यांच्या कुवेतच्या मुलाला पाठवले. मग पेन्सिल भाभींच्या हातात दिली. त्या म्हणाल्या, "मी काय लिहू, मला कुठं येतं?" मी म्हटलं, "सासऱ्यांच्या वडिलांचं नाव तरी येतं ना?" त्यांनी ते मराठीत लिहिलं, उर्दूच्या चार ओळींखाली. मग थोडा वेळ थांबून स्वतःचंही नाव लिहिलं, आणि खाली: तळोजा.